गाभारा इथे, मूर्ती तिथे : सिसिलीतले आठ दिवस

पहिला दिवस : पालेर्मो

सिसिलीला जायचे ठरले ते ताईमुळे. शाळेत चित्रकला शिकवण्यात तिची तीस वर्षे गेली आणि त्यांतली निदान वीस वर्षे तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एका मासिकातून कापलेले चित्र चिकटवलेले होते : निळे वस्त्र डोक्यावरून घेतलेली, समोर पोथी उघडी असलेली, आणि एक हात किंचित पुढे करून कुणाला तरी थांबवू पाहणारी एक तरुणी. आंतोनेल्लो दा मेस्सिना या सिसिलियन चित्रकाराने १४७५च्या सुमारास रंगवलेली ही मेरी पालेर्मोत आहे, एवढे ताईला ठाऊक होते. मला ओढ होती ती देवळांची. भूमध्य समुद्राच्या मध्यावरच्या या बेटावर इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापासून ग्रीक वसाहती वसत गेल्या, पश्चिम टोकाला फिनिशियन व्यापारी होते, मध्ये एलिमियन आणि सिकेल ही जुनी माणसे होती. पुढे रोमन, बायझंटाईन, अरब, नॉर्मन आणि स्पॅनिश असे एकामागून एक धनी आले. प्रत्येकाने आधीच्याचे दगड वापरले.

निघण्यापूर्वीच आमच्यात एक वाद झाला. भग्नावशेष आधी पाहावेत की त्यांतून निघालेल्या वस्तूंचे संग्रहालय आधी पाहावे? माझे म्हणणे, जागा आधी. ताईचे म्हणणे, वस्तू आधी, कारण मोकळ्या जागेत काय शोधायचे ते नजरेला कळायला हवे. विमान पालेर्मोला उतरत असल्यामुळे ताईची सरशी झाली.

संध्याकाळी पोहोचलो. त्या दिवशीची नोंद एकाच गोष्टीची करावीशी वाटते. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, काप करून तळलेले 'पानेल्ले' पालेर्मोच्या रस्त्यांवर पावात घालून मिळते. तळलेली पाटवडीच ती, फक्त हळद-मिरचीविना आणि लिंबाच्या फोडीसह. शाकाहारी माणसाची या शहरात उपासमार होणार नाही, अशी खात्री पहिल्याच रात्री पटली.

दुसरा दिवस : पालेर्मो

आंतोनिनो सालिनास यांच्या नावाने ओळखले जाणारे पुरातत्त्व संग्रहालय एका जुन्या मठात आहे. आत शिरताच आंगण, आंगणात कारंजे, पपायरसची झुडपे. पहिल्या दालनांतच एक चमत्कारिक पाहुणा भेटला : 'पालेर्मो शिळा' या नावाने प्रसिद्ध असलेला, प्राचीन इजिप्तच्या राजांची वर्षवार नोंद कोरलेला काळा दगड. त्याचा सिसिलीशी काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात तो इथे आला आणि इथलाच झाला. उलट दिशेची गोष्टही याच संग्रहालयात घडली आहे. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळावरील शिल्पपट्टीचा एक लहान तुकडा, आर्टेमिस देवतेचे पाऊल आणि वस्त्राची किनार असलेला, रॉबर्ट फेगन या ब्रिटिश वकिलातीतील गृहस्थाकडून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथे आला होता. २०२२ मध्ये पालेर्मोने तो अथेन्सला कायमचा परत केला. वस्तू मोठी नाही, जेमतेम फूटभर असेल; परंतु लंडनमध्ये याच पट्टीचे जे काही आहे त्याच्या परतीसाठी ग्रीस किती वर्षे झगडत आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या पावलाचे वजन कळते.

आम्ही आलो होतो ते सेलिनुन्ते या उद्ध्वस्त ग्रीक नगराच्या शिल्पफलकांसाठी. ग्रीक देवळाच्या स्तंभांवर तुळई असते आणि तुळईवर आडवी पट्टी. त्या पट्टीत एकाआड एक बसवलेल्या चौकोनी फलकांना मेटोप म्हणतात. सेलिनुन्तेच्या देवळांवरचे मेटोप १८२३ मध्ये सॅम्युअल अँजेल आणि विल्यम हॅरिस या दोन तरुण इंग्रज वास्तुशास्त्रज्ञांना सापडले. ते इंग्लंडला पाठवण्याचा त्यांचा विचार होता, तो इथल्या राजवटीने हाणून पाडला आणि फलक पालेर्मोला आले. हॅरिस मात्र मलेरियाने दगावला.

'सी' हे अक्षर मिळालेल्या देवळाचे फलक इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातले आहेत. ग्रीक पुराणांतला वीर पर्सियस मेड्युसा या राक्षसीचे मुंडके कापतो आहे, पण दोघेही एकमेकांकडे न पाहता थेट आपल्याकडे पाहतात, आणि मेड्युसाने कुशीत पंखवाला घोडा पेगासस लहान मुलासारखा धरला आहे. दुसऱ्या फलकात हेराक्लीसने दोन चोरट्यांना काठीला उलटे टांगून खांद्यावर घेतले आहे, त्यांच्या वेण्या खाली लोंबत आहेत. मांड्या जाड, डोळे बटबटीत, हालचाल लाकडी. तरी ताई तिथून हलेना. 'यांना शरीर अजून नीट जमत नाही, पण गोष्ट सांगायची घाई बघ किती आहे,' असे ती म्हणाली.

याच्यानंतर शंभरेक वर्षांनी घडलेले देऊळ 'ई'चे फलक त्याच दालनात आहेत. त्यांत देवांचा राजा झेउस आणि हेरा देवी यांच्या विवाहाचा प्रसंग आहे. झेउस खडकावर बसून हेराचे मनगट धरतो आहे आणि ती चेहऱ्यावरचे वस्त्र बाजूला करते आहे. सगळा फलक स्थानिक चुनखडीचा आहे. हेराचा चेहरा, हात आणि पाऊल मात्र पांढऱ्या संगमरवराचे घडवून त्यात बसवलेले आहे. सिसिलीत संगमरवर निघत नाही, तो ग्रीसहून समुद्रमार्गे आणावा लागे; म्हणून तो फक्त स्त्रियांच्या उघड्या अंगासाठी राखून ठेवलेला, पुरुषांना चुनखडीच पुरे. ही कारागिरी लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुपारनंतर आबातेल्लिस प्रासाद. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने मोडलेल्या या पंधराव्या शतकातील वाड्याची संग्रहालयासाठी मांडणी कार्लो स्कार्पा या वास्तुशिल्पज्ञाने केली आणि १९५४ मध्ये तो उघडला. खालच्या दालनात 'मृत्यूचा विजय' हे अवाढव्य भित्तिचित्र आहे. पूर्वी ते एका इस्पितळाच्या आंगणातल्या भिंतीवर होते, ही गोष्ट मला चित्राहून भयंकर वाटली. हाडांच्या सापळ्याच्या घोड्यावर बसलेला मृत्यू बाण सोडत येतो. राजे, धर्मगुरू, नटलेल्या स्त्रिया बाण लागून पडतात; आणि डावीकडे जे दीनदुबळे हात जोडून 'आम्हाला ने' म्हणून विनवत आहेत, त्यांना मात्र तो ओलांडून पुढे जातो. त्याच घोळक्यात हातात कुंचला घेतलेला एक माणूस आहे, तो चित्रकार स्वतः असावा असे मानतात. त्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही.

ताईची मेरी वरच्या मजल्यावर आहे. आकाराने चित्र इतके लहान, की दारातून क्षणभर ते दिसलेच नाही. येशूच्या जन्माची वार्ता देवदूत मेरीला देतो तो हा प्रसंग; त्याच्या इतर चित्रांत देवदूत असतो. इथे देवदूत नाही. तो आपण उभे आहोत तिथेच कुठेतरी असणार, कारण तिचा उजवा हात आपल्या दिशेने पुढे आला आहे. पोथीचे पान वाऱ्याने उचलल्यासारखे अर्धवट उभे आहे. ताई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग वही काढून तिने फक्त तो हात रेखाटला, तीनदा, आणि तिन्ही वेळा बोटे आखूड झाली म्हणून पान उलटले. मासिकातले चित्र छापताना निळा रंग फारच भडक झाला होता, एवढेच ती जिना उतरताना म्हणाली.

तिसरा दिवस : सेजेस्ता

सकाळी राजवाड्यातील पालातिना चॅपेल पाहिले. दुसरा रॉजर या नॉर्मन राजाने बाराव्या शतकात बांधलेल्या या ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या भिंती बायझंटाईन सोनेरी मोझेकने मढवलेल्या आहेत आणि छत मुसलमान कारागिरांनी मधाच्या पोळ्यासारखे लाकडात घडवले आहे. गर्दी एवढी होती की मान वर करून उभे राहणेही अवघड झाले. त्याविषयी अधिक लिहिण्याचा अधिकार मला नाही.

भाड्याने घेतलेली मोटार शहराबाहेर काढताना मी बंदी असलेल्या जुन्या भागात शिरले. चूक सर्वस्वी माझी. दंडाची चिठ्ठी घरी पोहोचेपर्यंत ताईने तो विषय मिटू दिला नाही.

सेजेस्ताचे देऊळ डोंगरांच्या कुशीत एकटे उभे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस एलिमियन लोकांनी, म्हणजे जे ग्रीक नव्हते त्यांनी, ते पूर्ण ग्रीक धाटणीत बांधायला घेतले. छत्तीसही स्तंभ उभे आहेत, त्यांवर तुळया आहेत, दोन्हीकडचे त्रिकोणी शिखरभागही आहेत. मात्र आत गाभारा नाही, छप्पर नाही, आणि स्तंभांवर ग्रीक स्तंभांना असतात त्या उभ्या पन्हळ्या नाहीत. काम अर्धवट राहिले. जोत्याच्या पायऱ्यांना दगडाच्या गाठी तशाच आहेत. त्यांना दोर अडकवून शिळा जागेवर सरकवीत आणि शेवटी गाठी तासून टाकीत. तासण्याची वेळ इथे आलीच नाही. अजिंठ्याला चोविसाव्या लेण्यात खांब अर्धे कोरलेले राहिले आहेत, तिथे जसा छिन्नी आता थांबली आहे असा भास होतो, तसाच इथे होतो. पूर्ण झालेली वास्तू आपल्याला तिचा परिणाम तेवढा दाखवते, अर्धी वास्तू तिची रीत दाखवते. मला अर्धी अधिक आवडते, हे ताईला मान्य नाही.

डोंगरमाथ्यावरचे नाट्यगृह पाहून मार्साला गाठले.

चौथा दिवस : मोत्सिया आणि सेलिनुन्ते

मार्सालाजवळच्या उथळ खाजणात मिठागरे आणि जुन्या पवनचक्क्या आहेत. तिथून होडीने काही मिनिटांत मोत्सिया बेट येते. फिनिशियनांचे हे भरभराटीचे शहर सिराक्यूज या ग्रीक नगराचा सत्ताधीश डायोनिसियस याने इसवी सनापूर्वी ३९७ मध्ये वेढा घालून उद्ध्वस्त केले. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्साला मद्याच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या इंग्रज घराण्यातील जोसेफ व्हिटेकर याने हे बेटच विकत घेतले आणि उत्खनन केले. त्याच्या घरात आता संग्रहालय आहे.

तिथे एकाच मूर्तीसाठी जायचे. १९७९ मध्ये ढिगाऱ्याखाली सापडलेला हा संगमरवरी तरुण पुरुषभर उंचीचा आहे. हात नाहीत, परंतु कमरेवर टेकवलेल्या तळव्याची बोटे शाबूत आहेत आणि ती मांसात रुतली आहेत. अंगात पायघोळ, बारीक चुण्यांचे तलम वस्त्र, ओले असावे तसे चिकटलेले. छातीवर रुंद पट्टा. सारथी असेल, पुरोहित असेल, फिनिशियन देव असेल, विद्वानांचे एकमत नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले ग्रीक काम फिनिशियन शहरात कसे आले, हेही कोडेच आहे. कुठल्यातरी ग्रीक नगराची लूट असावी, असा एक तर्क आहे. दीड तास त्या खोलीत आम्ही दोघी आणि एक पहारेकरी एवढीच माणसे होतो.

दुपारी सेलिनुन्ते. 'सेलिनॉन' म्हणजे इथे रानात उगवणारी सेलरी, तिचे पान इथल्या नाण्यांवरही असे. इसवी सनापूर्वी ४०९ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या सैन्याने शहर नऊ दिवसांच्या वेढ्यानंतर जिंकून लुटले, आणि त्यानंतर त्याला पूर्वीचे दिवस कधी आले नाहीत. उरलेले स्तंभ पुढच्या शतकांतल्या भूकंपांनी पाडले. कुठले देऊळ कुणाचे हे निश्चित कळत नसल्यामुळे त्यांना अक्षरांची नावे आहेत, एखाद्या गोदामातल्या खोक्यांसारखी.

देऊळ 'ई' १९५०च्या दशकात पडलेल्या दगडांतून पुन्हा उभे करण्यात आले. त्यात सिमेंट किती आहे यावर तेव्हापासून वाद आहे. परंतु आत जाऊन गाभाऱ्याच्या पायऱ्या चढता येतात, ही सोय मला वादाहून मोठी वाटली. गाभाऱ्याच्या दर्शनी बाजूला, डोक्यावर, हेराचा तो फलक कुठेतरी होता. परवा डोळ्यांच्या उंचीवर, दिव्याच्या उजेडात पाहिलेला तिचा पांढरा चेहरा इथे कित्येक हात वर, सावलीत होता. मग एकदम लक्षात आले, की संगमरवर केवळ दुर्मिळ म्हणून वापरला नसावा. त्या उंचीवर, त्या सावलीत, चुनखडीचा चेहरा खालून दिसलाच नसता. हे मला ताईच्या क्रमामुळे सुचले. तिला मी तसे सांगितले नाही.

शेजारचे देऊळ 'जी' म्हणजे शंभराहून अधिक मीटर लांबीचा दगडांचा समुद्र. ते कधी पूर्ण झाले नाही. एकच स्तंभ एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा केला, त्याला गावकरी 'म्हातारीची चाती' म्हणतात. स्तंभांचे दगड जिथून येत ती कुसाची खाण सुमारे बारा किलोमीटरवर आहे, आणि दिवस मावळता मावळता आम्ही तिथे पोहोचलो. ऑलिव्हच्या झाडांमधून चालताना खडकात अर्धवट कोरलेले प्रचंड दगडी गोळे दिसू लागतात. स्तंभाच्या एकेका टप्प्यासाठी खडकात वर्तुळाकार चर खणत, पाथरवट चरात उतरून खाली खाली जाई आणि शेवटी बुडाशी कापून गोळा मोकळा करी. काहींचे चर गुडघाभर झाले आहेत, काही मोकळे होऊन बाजूला काढलेले आहेत, काही वाटेत सोडून दिले आहेत. ४०९ मध्ये कार्थेजचे सैन्य आल्याची बातमी आली तेव्हा काम जसे थांबले, तसे ते आहे. त्या चरांतून आता बडीशेपेसारखी झुडपे उगवली आहेत.

पाचवा दिवस : आग्रिजेन्तो

'देवळांची दरी' असे म्हणतात, पण देवळे दरीत नसून डोंगरकण्यावर आहेत. आक्रागास हे ग्रीक शहर इसवी सनापूर्वी ५८०च्या सुमारास वसले. तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीस इथलाच. मुंबईच्या लोकलइतकी गर्दी नसली, तरी कालच्या शांततेनंतर ती खटकली.

कॉन्कॉर्डियाचे देऊळ इतके धडधाकट उरले याचे कारण सोपे आहे : सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे चर्च झाले. स्तंभांमधल्या फटी भिंतींनी बुजवल्या गेल्या, गाभाऱ्याच्या भिंतींत कमानी कोरल्या गेल्या, आणि माणसांचा राबता राहिल्याने कुणी दगड पळवले नाहीत. पुढे भिंती काढल्या, कमानी मात्र आजही दिसतात. नावाचा मात्र देवळाशी काही संबंध नाही. जवळपास मिळालेल्या एका लॅटिन शिलालेखावरून ते चिकटले. समोर इगोर मितोराय या शिल्पकाराचा पडलेला ब्रॉन्झचा इकारस आहे आणि प्रत्येक जण त्याच्यासह छायाचित्र घेतो. आम्हीही घेतले.

याउलट ऑलिंपियन झेउसच्या देवळाचे दगड अठराव्या शतकात जवळचे बंदर बांधायला नेले गेले. हे देऊळ इसवी सनापूर्वी ४८० मध्ये हिमेरा येथे कार्थेजवर मिळवलेल्या विजयानंतर उभारायला घेतलेले, ग्रीक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. स्तंभांच्या मधल्या जागेत हात वर करून तुळई तोलणारे दगडी राक्षस होते, त्यांना तेलामोन म्हणतात. तुकडे जुळवून उभा केलेला एक तेलामोन गावाच्या पुरातत्त्व संग्रहालयात दोन मजल्यांची उंची व्यापून उभा आहे. २०२४ मध्ये आणखी एक तुकड्यांतून जुळवून देवळाच्या जागेवर उभा करण्यात आला. संग्रहालयातला मला अधिक पटला, कारण तिथे त्याच्या पायाशी उभे राहून मान दुखेपर्यंत वर पाहता येते. ताईने संग्रहालयात जास्त वेळ दिला तो तरुण खेळाडूच्या लहानशा संगमरवरी मूर्तीला.

सहावा दिवस : कासाले आणि आयदोने

बेटाच्या मध्यभागी, पियाझ्झा आर्मेरिना गावाजवळच्या खोऱ्यात, चौथ्या शतकातील एका श्रीमंत रोमन माणसाचा ग्रामीण प्रासाद आहे. मालक कोण, हे अजून वादाचे आहे. बाराव्या शतकात डोंगरावरून चिखल आला आणि जमीन त्याखाली झाकली गेली. त्या चिखलामुळेच सुमारे साडेतीन हजार चौरस मीटरचे मोझेक वाचले. विसाव्या शतकाच्या मध्यात उत्खनन झाल्यावर त्यावर पारदर्शक छप्पर घातले गेले, ते उन्हाळ्यात काचघरासारखे तापे. अलीकडे ते बदलून नवे घातले आहे. उंच पुलांवरून चालत आपण खालच्या जमिनी पाहतो.

दोन तुकड्यांचे कपडे घालून व्यायाम करणाऱ्या दहा मुलींच्या मोझेकपुढे सर्वाधिक गर्दी असते. ती सोडून 'महाशिकारी'च्या साठेक मीटर लांब मार्गिकेत गेलो. आफ्रिकेपासून पूर्वेपर्यंतच्या प्रदेशांतून रोमच्या रिंगणासाठी जिवंत जनावरे पकडून जहाजांवर चढवली जात आहेत. शहामृग उचलून फळीवरून नेला जातो, हत्तीला साखळ्या आहेत, गेंड्याला दलदलीतून ओढतात. वाघिणीची पिल्ले चोरून पळणाऱ्या स्वाराने तिच्यापुढे काचेचा गोळा टाकला आहे. त्यात स्वतःचे बिंब पाहून तिला ते पिल्लू वाटावे आणि ती थांबावी, अशी ही क्लृप्ती.

मार्गिकेच्या दक्षिण टोकाला अर्धवर्तुळात एक सावळी स्त्री बसली आहे. तिच्या हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. ती भारताचे प्रतीक आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. रोमन माणसाच्या मनात आपला देश असा दिसत असावा : दात, मसाले आणि वाघ. इकडून माल गेला तसा तिकडूनही आला; कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्रॉन्झ मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात मी लहानपणी पाहिली होती, तेव्हा तिचे महत्त्व कळले नव्हते. इथे तिची आठवण होईल, असे वाटले नव्हते.

दुपारी आयदोने. डोंगरावरच्या या लहानशा गावात कापुचिन मठात एक संग्रहालय आहे आणि त्यात दोन मीटरहून उंच देवी आहे. शरीर चुनखडीचे, वाऱ्याने मागे ओढलेल्या वस्त्राच्या चुण्यांसह. चेहरा, हात, पाऊल संगमरवराचे. सेलिनुन्तेच्या हेराचीच रीत, फक्त इथे ती भिंतीतून बाहेर येऊन पूर्ण उभी राहिली आहे. जवळच्या मोर्गान्तिना या प्राचीन नगरीतून ती चोरट्या खणणाऱ्यांनी काढली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गेटी संग्रहालयाने ती १ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली, आणि दीर्घ कज्जे-खटल्यांनंतर २०११ मध्ये ती परत आली. आधी तिला प्रेमदेवता आफ्रोडायटी म्हणत, आता धान्यदेवता डेमेटर किंवा तिची मुलगी पर्सेफोनी मानतात. पाताळाचा देव हेदीस याने पर्सेफोनीला पळवून नेले ते इथून जवळच्या पेर्गुसा तळ्याकाठून, अशी कथा आहे. पळवलेल्या मुलीची मूर्ती पळवली गेली आणि परत आली, हे इतके जुळून येते की लिहितानाही संकोच वाटतो.

शेजारच्या दालनात हेदीसचेच मातीचे मस्तक आहे, दाढीला निळा रंग. तेही गेटीकडे होते. त्याच्या दाढीतून सुटलेले निळे कुरळे तुकडे मोर्गान्तिनाच्या उत्खननात मिळाले होते आणि इथे जपून ठेवलेले होते. ते मस्तकाशी जुळले, म्हणून २०१६ मध्ये मस्तक परत आले. चांदीची भांडी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातून २०१० मध्ये आली. एवढे असूनही त्या दुपारी पाहणारे आम्ही आठच जण होतो. लॉस एंजेलिसमध्ये हीच देवी एका दिवसात हजारोंनी पाहिली असती, हा युक्तिवाद मी ऐकून आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. मात्र मठाच्या खिडकीतून ज्या डोंगराकडे बोट दाखवून रक्षकाने 'तिथून निघाली ती' असे खुणेने सांगितले, तो डोंगर लॉस एंजेलिसमध्ये नाही. उतरत्या उन्हात आम्ही मोर्गान्तिनाच्या चौकाच्या रुंद पायऱ्यांवर जाऊन बसलो. एटना ज्वालामुखी दूर धुरकट दिसत होता.

सातवा दिवस : सिराक्यूज

ग्रीकांचे नाट्यगृह खडकात कोरलेले, आकाराने अवाढव्य. खाणीतली 'डायोनिसियसचा कान' ही उंच गुहा, हे नाव तिला चित्रकार काराव्हाज्जिओने १६०८ मध्ये दिले असे सांगतात. अशाच खाणींत इसवी सनापूर्वी ४१३ मध्ये पराभूत अथेनियन सैनिकांना कोंडून उन्हातान्हात मरू दिले होते. शाळेच्या सहलीतली मुले गुहेत शिरून प्रतिध्वनीसाठी ओरडत होती, आणि बाहेर संत्र्याची झाडे होती.

दुपार पाओलो ओर्सी संग्रहालयात गेली. हे पाहायला एक दिवसही अपुरा आहे. दोन मूर्ती मात्र सांगायला हव्यात. एक, १८०४ मध्ये सापडलेली, मस्तक नसलेली व्हीनस, जिची कीर्ती मोठी आहे आणि जी आम्हा दोघींनाही थंड वाटली. दुसरी, मेगारा हिब्लाया येथील चुनखडीची बसलेली आई : तिलाही मस्तक नाही, पण तिने दोन बाळांना एकाच वेळी अंगावर घेतले आहे, आणि तिचे वस्त्र त्या तिघांभोवती एखाद्या मोठ्या वाटोळ्या टोपलीसारखे वळले आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या कुणा ओबडधोबड हाताने केलेले ते काम. ताईने वहीची चार पाने तिला दिली.

आठवा दिवस : ओर्तिजिया

जुने शहर ओर्तिजिया बेटावर आहे. तिथल्या बेल्लोमो प्रासादात आंतोनेल्लोचे १४७४ मधील एक चित्र आहे, तोच मेरीचा प्रसंग, इथे देवदूतासह. ते ओलीने पार खराब झालेले आहे. रंगाचे मोठमोठे भाग गळून गेले आहेत आणि त्या जागा तशाच साध्या ठेवल्या आहेत. देवदूत आल्यामुळे ते नेहमीचे झाले, असा ताईचा निकाल.

शेवटचे ठिकाण कॅथेड्रल. बाहेरून ते अठराव्या शतकातले, १६९३च्या भूकंपानंतरच्या थाटाचे चर्च आहे. बाजूच्या गल्लीत वळले की भिंतीतून जाडजूड, पन्हळ्यांचे ग्रीक स्तंभ अर्धे बाहेर आलेले दिसतात. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले हे अथेनाचे देऊळ, सातव्या शतकात चर्च झाले. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ७० मध्ये सिसिलीचा रोमन सुभेदार व्हेरेस याच्यावर जो खटला चालवला, त्याच्या आरोपपत्रात हे देऊळ आहे : दारांवरचे सोने आणि हस्तिदंती कोरीवकाम व्हेरेसने उचकटून नेले, भिंतींवरची २७ चित्रे नेली.

आत सकाळची प्रार्थना चालू होती, म्हणून आम्ही मागेच थांबलो. बाकीच्या देवळांत आठ दिवस आम्ही मनातल्या मनात भिंती, छत आणि देव जागच्या जागी बसवत हिंडलो होतो. इथे ते काही करावे लागत नव्हते. एक आजीबाई पाठ टेकायला जागा शोधत आली, स्तंभाच्या दोन पन्हळ्यांमधल्या खळग्यात तिने नेमका खांदा बसवला आणि पिशवीतून जपमाळ काढली. ताईने वही उघडली, क्षणभर पाहिले आणि पुन्हा मिटून ठेवली.